बाथरूममधली चक्कर

"बाथरूममध्ये चक्कर आली आणि पडली." थंडीच्या दिवसांत हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा कानावर येतं, की त्याचं कुणाला काही वाटेनासंच झालंय. त्यातून पडलेली बाई असेल तर कारणं अगदी तयार असतात. उपवास असेल. रक्त कमी असेल. पित्त चढलं असेल. बीपी लो झालं असेल. पाळी सुरू असेल, नाहीतर पाळी जायचं वय असेल. मग लिंबू-सरबत, दोन दिवस आराम, एखादी लोहाची गोळी, की झालं. पण त्या बाथरूमच्या भिंतीवर काय टांगलंय, ते तेव्हा चालू होतं का, खिडकी उघडी होती का, हे प्रश्न कुणी विचारत नाही. मला वाटतं, सगळ्यात आधी तेच विचारायला हवेत.

भिंतीवरचा तो पांढरा चौकोनी डबा म्हणजे गॅस गीझर. लोडशेडिंगच्या वर्षांत तो आपल्या तालुक्याच्या गावांमध्ये घरोघरी आला आणि वीज सुधारली तरी गेला नाही. त्याचं कारण सरळ आहे. बटण दाबलं की गरम पाणी, विजेचं बिल नाही, टाकी तापायची वाट पाहणं नाही. सकाळी सात वाजता शाळा, ऑफिस, डबे अशी रांग लागलेल्या घरात हा केवढा मोठा आधार असतो, ते घरातल्या बाईलाच विचारावं. त्यामुळे 'गॅस गीझर काढून फेका' असं मी मुळीच म्हणणार नाही. तो कुठे बसवलाय आणि त्याच्या डोक्यावरून निघणारी हवा कुठे जाते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या आज्यांचा बंब आठवतोय का? तांब्याचा, मध्ये उभं नळकांडं असलेला. त्या नळकांड्यातून धूर वर जायचा आणि बंब असायचा मागच्या अंगणात, नाहीतर कौलाच्या फटींतून आभाळ दिसणाऱ्या न्हाणीघरात. आजीला कुणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं. पण धूर डोळ्यांना झोंबायचा, खोकला यायचा, म्हणून धुराची वाट आपोआप ठरलेली होती. गॅसचं नेमकं उलटं झालं. धूर दिसेना, डोळे चुरचुरेनात, म्हणून आपण समजलो की धूर नाहीच. मग ती शेगडी आपण उचलून थेट चार बाय सहाच्या बंद खोलीत नेली आणि खिडकीही लावून घेतली!

हो, शेगडीच. आणि साधीसुधी नाही. सहा लिटरचा गीझर पूर्ण आचेवर चालतो तेव्हा स्वयंपाकघरातल्या मोठ्या बर्नरच्या साधारण पाचपट गॅस जाळतो. तासाला जवळजवळ एक किलो. आता आपण हिशेब करू, भिशीचा करतो तसाच. एक किलो गॅस नीट जळायला सव्वाचारशे घनफुटांच्या आसपास हवा लागते. म्हणजे पाव तासाच्या अंघोळीला शंभराहून जास्त घनफूट. आपलं बाथरूम चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच धरलं तर त्यात सगळी मिळून हवा १९२ घनफूट. त्यातच आपण श्वास घेतोय, त्यातच वाफ भरलीय आणि दार-खिडकी बंद. पाव तासात अर्ध्याहून अधिक हवा गीझरने वापरून टाकली आणि आपल्याला ठेवली ती त्याची उष्टी हवा.

ही उष्टी हवा काय असते? प्राणवायू भरपूर असेल तर गॅस जळून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. प्राणवायू कमी पडायला लागला की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला जेवढं धरतं, त्याच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने या वायूला धरतं. म्हणजे प्राणवायूची जागा हा पटकावून बसतो आणि उठत नाही. हवेच्या दहा हजार भागांत याचे नुसते सोळा भाग झाले, तर वीस मिनिटांच्या आत डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. हातपाय गळतात. कडी काढायची हे कळत असतं, पण हात उचलत नाही. 'चक्कर आली' ती ही.

इथे बऱ्याच जणी म्हणतात, "अहो, पण गॅसचा वास आला असता ना!" नाही येत. सिलेंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. ज्योत पेटलेली असली की तेही जळून जातं. गळती वेगळी आणि अर्धवट जळण वेगळं. गळतीचा वास येतो. दुसरी गोष्ट चोरपावलांनी येते.

मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास मुंबईत घाटकोपरला एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. त्याच होळीला उत्तर प्रदेशात गाझियाबाद जिल्ह्यातल्या मुरादनगरलाही तसंच घडलं. दोन्ही ठिकाणी बोट गॅस गीझरकडे दाखवलं गेलं. होळीच का, हे आपल्याला सांगायला नको. रंग निघता निघत नाही, गरम पाणी जास्त वेळ चालू राहतं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. त्यात चार मुलं होती. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या नियतकालिकांत तर 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच रूढ झालंय. बाथरूममध्ये बेशुद्ध पडून आलेल्या, कधी झटके आलेल्या रुग्णांना फिट्सचा आजार समजलं जातं आणि मग चौकशीत गीझर निघतो. बातमी होते ती मरणाची. रोज थोडा थोडा वायू घेऊन डोकं धरून बाहेर येणाऱ्या बाईची बातमी होत नाही. ती आलं घातलेला चहा पिते आणि पोळ्यांना लागते.

हा मला बायकांचा प्रश्न का वाटतो, तेही सांगते. घरातला पुरुष पाच-सात मिनिटांत अंघोळ उरकून बाहेर येतो. मुलांना अंघोळ घालणारी आपणच, केस धुणारी आपणच, 'आलेच आहे तर' म्हणत कपडे भिजवून दोन हात मारणारीही आपणच. शिवाय आपला नंबर बहुधा शेवटचा. म्हणजे आधीच्या चौघांनी हवा वापरून झाल्यावर. आणि खिडकी? ती बंद असण्याचं कारण नुसती थंडी नसते. शेजारची गच्ची समोर असते, मागच्या बोळातून ये-जा असते, एखाद्याची नजर बरी नसते. म्हणून झडपांच्या काचांवर रंगीत कागद, कॅलेंडरचा पुठ्ठा, जुनी ओढणी. मी अशा खिडक्या खूप पाहिल्या आहेत आणि तो पुठ्ठा लावणारीला मी नावं ठेवणार नाही. पण यावर उपाय आहेत. झरोका डोक्याच्या वर, छताजवळ घ्यावा. त्याला तिरप्या पक्क्या पट्ट्या लावाव्यात, बंदच होणार नाहीत अशा. दिसत काही नाही, हवा मात्र खेळते. दाराच्या खालच्या भागात हातभर रुंदीची जाळी असावी. वरून वापरलेली हवा जाते आणि खालून ताजी येते. दोन्ही वाटा हव्यात, एकीने भागत नाही. आणि एवढं केलं तरी गीझर आत असावा असं माझं म्हणणं नाहीच. ही व्यवस्था आधीच अडकलेल्यांसाठी.

बाळंतिणीचा विषय तर मला झोप लागू देत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. दार बंद, फटीत फडकं, कढत पाणी भरपूर आणि अंगाला तेल लावून सावकाश अंघोळ. आत बाळंतीण, अंघोळ घालणारी मावशी आणि कधी बाळही. वर गीझर धडधडतोय. त्यानंतर पुन्हा बंद खोलीत शेकाची निखाऱ्याची शेगडी. निखाऱ्यातूनही हाच वायू निघतो, त्यात धूर दिसला नाही तरीही. शेक द्यायचा तर शेगडी अंगणात पेटवून कपडा गरम करून आत आणावा, नाहीतर गरम पाण्याची पिशवी घ्यावी. आणि पोटुशी बाई असेल तर आणखी जपायला हवं. हा वायू वारेतून बाळापर्यंत जातो, आणि पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन त्याला मोठ्या माणसापेक्षाही घट्ट धरतं. आई शुद्धीवर आली, तिला बरं वाटलं, म्हणजे बाळही ठीक, असं धरून चालता येत नाही. सासूबाई-आईंची माया मला कळते. पण वारा लागण्याची भीती आणि हवाच न मिळण्याची भीती, यातली मोठी कुठली?

आता बसवणाऱ्याबद्दल. आमच्या गावात एका घरी नवा गीझर बसवताना मी समोर उभी होते. डोक्यावर पाइप जोडायची गोल तोटी होती. खोक्यातल्या पुस्तिकेत पाइप बाहेर काढायचं चित्र होतं. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "काकू, पाइप कुणीच लावत नाही. भिंत फोडावी लागते. काही होत नाही." त्याला दोन भोकं पाडायचे पैसे मिळतात, तिसरं तो कशाला पाडेल? दुकानदार पाइप वेगळा विकतो, गिऱ्हाईक तेवढ्यात वाचवायला बघतं आणि जोखीम मात्र रोज अंघोळ करणारीच्या वाट्याला येते. माझ्या मते गीझर विकणाऱ्याने जागा पाहिल्याशिवाय तो बसवूच नये आणि 'बाथरूममध्ये बसवा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणावं. भाड्याच्या घरात हे घरमालकाचं काम आहे. बाथरूम आग्नेयेला की वायव्येला यावर आपण दोन-दोन तज्ज्ञांना फी देतो. त्यातल्या एकाने तरी झरोका कुठाय हे विचारावं!

योग्य जागा म्हणजे बाहेर. मागची गॅलरी, पडवी, धुण्याच्या दगडाजवळची भिंत. वर पत्र्याची छोटी छपरी, पावसापासून आणि थेट वाऱ्यापासून आडोसा. सिलेंडरही बाहेरच, उभा. आत येईल ते फक्त गरम पाणी. पाइप चार-सहा फूट लांबला तर सुरुवातीचं थोडं पाणी गार येतं, त्याची बादली भांड्यांना वापरावी. "बाहेर ठेवला तर चोरी होईल" म्हणतात. त्याला जाळीचा पिंजरा करा, पण बंद लोखंडी कपाट नको. त्यालाही हवा लागते.

बाहेर जागाच नाही आणि तो पॅसेजमध्ये किंवा स्वयंपाकघरात बसवावा लागतोय, तर पाइपाला पर्याय नाही. त्यातही खोचा आहेत. पाइप पत्र्याचा हवा. नळाचा उरलेला प्लास्टिकचा तुकडा चालत नाही, निघणारी हवा कढत असते. त्याची रुंदी गीझरच्या तोटीएवढीच ठेवावी, मध्येच बारीक करू नये. साध्या, बिनपंख्याच्या गीझरचा पाइप आधी सरळ वर जावा आणि मग बाहेर जाताना चढताच असावा, कारण गरम हवा वर चढते, तिला ढकलणारं दुसरं कुणी नसतं. वळणं जितकी कमी तितकं बरं. पंखा असलेल्या गीझरचा पाइप त्याच्या पुस्तिकेत दाखवला असेल तसाच. सांधे घट्ट हवेत, नाहीतर बाहेर जायची हवा माळ्यावरच सुटते. बाहेरच्या टोकाला पावसासाठी टोपी. आणि टोक खरंच मोकळ्या हवेत निघालं पाहिजे. इमारतीच्या बंद डक्टमध्ये किंवा शेजारणीच्या खिडकीखाली सोडलं, तर आपली आपत्ती आपण तिच्या घरी पाठवली. ज्या स्वस्त गीझरांना वर तोटीच नसते, नुसत्या खाचा असतात, ते घराच्या आत कुठेच नकोत.

एक्झॉस्ट फॅनबद्दल मोठा गैरसमज आहे. "आम्ही फॅन लावलाय" म्हणून कित्येक घरं निर्धास्त असतात. पण दार-खिडकी बंद असेल तर फॅन हवा ओढणार कुठून? जिथून मिळेल तिथून. म्हणजे गीझरच्याच पाइपातून उलटी! वर जाणारी वापरलेली हवा पुन्हा खाली खोलीत येते. ताजी हवा आत यायची वाट असेल तरच फॅनचा उपयोग.

लेकी-सुनांच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी तिथल्या घरांच्या बाहेरच्या भिंतीतून निघालेले दोन पांढरे पाइप पाहिले असतील. अख्खं घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, फर्नेस, तळघरात असते. तिच्या नव्या पद्धतीच्या यंत्रांना एक पाइप बाहेरची ताजी हवा आणून देतो आणि दुसरा जळालेली हवा बाहेर सोडतो. (तिथे प्लास्टिक चालतं, कारण ही यंत्रं धुरातली उष्णता जवळजवळ सगळी काढून घेतात आणि हवा कोमट होऊन निघते. आपल्या गीझरचं तसं नाही.) म्हणजे भट्टी घरातली हवा वापरतच नाही. बर्फ पडला की जावई फावडं घेऊन आधी ते पाइप मोकळे करतो. त्याशिवाय झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा. एवढी श्रीमंत घरं, पण आगीला हवा येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी पाहिजे, हे तिथे बांधतानाच ठरतं. आपल्याकडेही असे बॅटरीवरचे भोंगे मिळतात. घेताना नीट बघा. गॅसगळतीचा भोंगा वेगळा आणि हा वेगळा, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

हे सगळं उद्या सकाळी होणार नाही, मला ठाऊक आहे. भिंत फोडायला माणूस मिळेपर्यंत महिना जाईल. तोवर एवढं तरी करा: दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, दोन मिनिटं जाऊ द्या आणि मग आत जा. शॉवर चालू ठेवून गीझरखाली अंघोळ नको. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारे गीझर असतात, पण ते घड्याळ बघतात, हवा तपासत नाहीत. ज्योत निळी असावी. पिवळी, नारिंगी दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर त्याच दिवशी बंद करून दुरुस्तीला. ज्योत निळी आहे म्हणून मात्र खिडकी लावू नका. आणि बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्या. दार तोडण्यात जाणारी मिनिटं फार महाग असतात.

कुणी आत पडलंच, तर आधी दारं-खिडक्या उघडून माणूस मोकळ्या हवेत आणायचा, गॅस बंद करायचा आणि १०८ला फोन. अंगावर कपडा नाही म्हणून दारात थबकू नका, चादर नंतर मिळते. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य, "गॅस गीझर चालू होता." हे तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांना स्वप्न पडत नाही. करोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, त्याच्यावर इथे विसंबू नका. प्राणवायूने भरलेलं रक्त आणि या वायूने भरलेलं रक्त, यातला फरक त्याला कळत नाही. माणूस गुदमरलेला असतो आणि आकडा ९८ दाखवतो. रक्ताची वेगळी तपासणी असते आणि मुख्य औषध म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने ऑक्सिजन दिला की साधारण तासा-दीड तासात होतो. घरी येऊन बरं वाटलं तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावं. विसरायला होणं, चालताना तोल जाणं, स्वभाव बदलणं, असं उशिराही दिसू शकतं.

ज्यांच्याकडे सगळं नीट बसवलेलं आहे, त्यांनाही एक काम आहे. पावसाळ्यात त्या पाइपाच्या तोंडात कुंभारीण माशी मातीची घरटी करते, चिमण्या काड्या आणून ठेवतात, कोळी जाळी विणतात. गीझर चार महिने कमी वापरलेला असतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सगळं घर एकामागोमाग आत जातं. फराळाचं भाजणं सुरू करायच्या आधी, घर झाडायला काढलंच आहे तर, स्टूल लावून कुणाला तरी वर चढवा आणि बाहेरून त्या पाइपात एकदा बॅटरी मारून पाहा.